गाळलेलं कडवं

एकनाथांचं रोडग्याचं भारूड तामलवाडीत दोन घरांत सारखं गायलं जात नाही. धृपद तेच, चाल जवळपास तीच; पण कडवी मोजायला बसलं की कुणाकडं पाच निघतात, कुणाकडं सात आणि पलीकडच्या आळीत नऊ. छापील गाथेत ते ‘सत्वर पाव गे मला’ म्हणून सापडतं. आमच्याकडं त्याला नुसतं ‘रोडगा’ म्हणतात. ‘रोडगा म्हणा की गं,’ असं कुणी म्हणालं की कुठलं गाणं, हे विचारावं लागत नाही.

एका सासुरवाशिणीनं भवानीआईला बोललेला नवस, एवढंच ते गाणं. लवकर धावून ये, तुला रोडगा वाहीन, असं ती म्हणते आणि मग एकेकाची वाट लावून मागते. सासरा परगावी गेलाय, त्याला तिकडंच राहू दे. सासू छळते, तिला उचल. जावेचं तोंड फार चालतं, तिचं कुंकू पूस. नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे. मग नवऱ्याची पाळी येते आणि त्यालाही ती सोडत नाही. शेवटी सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे, एवढं मागून झाल्यावर नाथांची नाममुद्रा येते आणि गाणं संपतं.

लिहिणारे नाथ पैठणचे. त्यांचा काळ १५३३ ते १५९९ असा धरतात. गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करणारा, भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारा हा पंडित. त्याच हातानं त्यांनी तीनशेच्या आसपास भारुडं लिहिली आणि त्यांत ते वासुदेव झाले, जोशी झाले, महार झाले, कोल्हाटीण झाले, विंचू चावलेला माणूस झाले. रोडग्यात ते सून झाले. घरातल्या सुनेचं दुखणं त्यांनी इतकं नेमकं कुठून आणलं असेल? मला वाटतं, त्यांनी ते ऐकलं असणार. गोदावरीच्या घाटावर धुणी आपटणाऱ्या बायकांजवळून रोज जाणारा आणि कान उघडे ठेवणारा माणूस होता तो. नाहीतर नणंदेच्या पोराची किरकिर कुठल्या पोथीत सापडणार?

आता रोडगा. ही भाकरी नव्हे. गहू जाडसर दळायचा, कणकीला तेलाचं मोहन, मीठ आणि चिमूट ओवा घालायचा, घट्ट मळायची. तळहाताएवढी पारी थापायची, तेल लावायचं, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी आणि मग सगळ्यांत बाहेरची पारी ओढून घेऊन गोळा बंद करायचा. तोवर अंगणात गोवऱ्या पेटवलेल्या असतात. जाळ बसून नुसता आर उरला की त्यात रोडगे पुरायचे आणि काठीनं फिरवत राहायचं. आज्जी भाजलेला रोडगा फडक्यात घेऊन आधी राख झटकायची, मग दोन्ही अंगठे रोवून फोडायची. आतले पदर सुटे व्हायचे, वाफ निघायची, आणि त्या वाफेवर ती तूप सोडायची. नैवेद्याला पाच बाजूला काढून उरलेले आम्हाला, वांग्याच्या रश्श्यात कुस्करून. सकाळी दळायला बसलं तर जेवायला दुपार टळायची. भारुडातल्या त्या सुनेकडं देवीला वाहायला सोनं नाही, लुगडं नाही. गहू, गोवऱ्या आणि अंगमेहनत तेवढी तिच्या हातातली. तिनं तेच देऊ केलंय. रोडगा जिनं स्वतः भाजलाय तिला त्या नवसाचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर, जवळजवळ मध्यावर. आश्विनात हा रस्ता तुळजाभवानीला निघालेल्या माणसांनी भरून जातो. नवरात्रात तर जातातच, पण खरी गर्दी दसऱ्यानंतरची. सीमोल्लंघन करून देवी निजते ती पौर्णिमेपर्यंत, आणि पौर्णिमेला तिचं दर्शन घ्यायचं म्हणून सोलापूरकडून, कर्नाटकातून लोक अनवाणी चालत येतात. सोलापूरच्या काठ्या येतात. पूर्वी बैलगाड्या आमच्या गावच्या झाडांखाली सुटायच्या. बायका तीन दगडांची चूल मांडायच्या, पुरुष बैलांना पाणी दाखवायचे, आणि चुलीवर कोरड्यास रटरटायला लागलं की गाणी निघायची. गोंधळी संबळ-तुणतुण्यावर, आराधी झांजेवर, आणि कुठल्याच मेळातल्या नसलेल्या बायका नुसत्या टाळीवर. रोडग्याची कडवी आमच्या गावात अशी वस्तीला यायची आणि काही इथंच राहून जायची.

आज्जी लग्न होऊन इथं आली ती स्वातंत्र्याच्या तीन-चार वर्षं आधी. तिचं माहेर मार्डीच्या बाजूचं. बैलगाडीनं दिवसाउजेडी पोचायची वाट, पण मधे राज्य बदलायचं. माहेर ‘इंग्रजीत’, सासर ‘मोगलाईत’. मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. तिकडं कलदार रुपया, इकडं हाली सिक्का. वाटेत करोडगिरीचा नाका, आणि तिथं नव्या नवरीची भांडीकुंडी गाडीतून उतरवून उघडून दाखवावी लागली होती. पितळेची घागर नाकेदारानं तीनतीनदा फिरवून बघितली, हे आज्जी मरेपर्यंत सांगायची; त्या घागरीचा तिला फार अभिमान होता.

माहेरहून तिनं रोडगाही आणला होता आणि तो इथल्यापेक्षा निराळा होता. तिच्याकडं आधी नणंद यायची, मग सासू, आणि सासरा पार शेवटी. इकडं गाथेसारखा सासरा पहिला. पहिल्याच नवरात्रात ओट्यावर ती आपल्या चालीनं म्हणायला लागली तशी तिच्या सासूनं तिला थांबवलं.

‘आमच्यात आधी सासरा असतोय बाई. मंग मी.’

आणि स्वतः धृपद धरून तिनं सुनेकडून म्हणवून घेतलं. सासूला उचलून ने असं देवीला सांगणारं कडवं आलं तसा आज्जीचा आवाज बसला. तेव्हा सासूच म्हणाली, ‘म्हण की मोठ्यानं. मी बी म्हणलंय माझ्या सासूम्होरं.’ ही हकिगत मी आज्जीच्या तोंडून कितीदा तरी ऐकलीय आणि दर वेळी ती हे वाक्य सांगताना सासूसारखी ताठ बसायची. त्या सासूनं तिला पुढं काही कमी त्रास दिला असं नाही. पण वर्षातून नऊ रात्री हे मोठ्यानं म्हणायची मुभा होती, आणि ती मुभा सासूनं सुनेला दिली, हे आज्जीनं जपून ठेवलं.

पुरुषांचा रोडगा वेगळा. सप्ताहात, मारुतीच्या देवळापुढं, रात्री कीर्तन आटोपल्यावर सोंगी भारूड उभं राहायचं. गावातलाच एक बाप्या लुगडं नेसून, कपाळाला आडवं मळवट भरून, हातात सूप घेऊन यायचा. मागं टाळ-मृदंग आणि झीलकरी. तो सासूची नक्कल करायचा, जावेची करायचा, नणंदेचं पोर म्हणून समोरच्याच एखाद्या पोराला उचलून घ्यायचा. पुरुष हसून लोळायचे. बायका बाजूला, अंधारात बसलेल्या. त्याही हसायच्या, पण आई म्हणते की त्यांचं हसणं एका जागी थांबायचं आणि पुरुषांचं थांबायचं नाही.

मग कीर्तनकार अर्थ सांगायचे. सासरा म्हणजे अहंकार. सासू म्हणजे कुणाच्या कीर्तनात कल्पना, कुणाच्या कीर्तनात माया. नवरा म्हणजे अविवेक. हे सगळे गेले की जीव एकटा, मोकळा उरतो. तेच नाथांचं मागणं. मला हा अर्थ वरून डकवलेला वाटत नाही. नाथांच्या मनात तो होताच, नाहीतर शेवटच्या कडव्यात एवढं मोकळं आभाळ आलं नसतं. डॉ. रामचंद्र देखणे यांनी आयुष्यभर भारुडावर लिहिलं आणि ‘बहुरूपी भारूड’चे हजारो प्रयोग केले, हसवणं आणि शिकवणं भारुडात एकाच वेळी कसं चालतं हे त्यांनी फार नीट दाखवलं. फक्त तो अर्थ सांगताना बायकांना काही ठाऊक नाही असं जे गृहीत धरलं जातं, ते मला पटत नाही. आज्जीला एकदा मी कॉलेजातून आल्यावर मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, की तुला यातली सासू म्हणजे माया हे माहीत आहे का. ती भाकरी थापत होती.

‘म्हाराज सांगत्यात ती सासू येगळी, आन् ही येगळी. दोनी खऱ्याच हायत्या.’

हे सगळं जुळवताना मला अमेरिकेतलं एक गाणं राहून राहून आठवतं. तिथल्या काळ्या समाजाच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ संगीतातलं ‘हाउंड डॉग’. विली मे थॉर्नटन, जिला सगळे ‘बिग ममा’ म्हणत, तिनं ते ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला गायलं. १९५३ मध्ये तबकडी आली आणि त्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिल्या जागी राहिली. लिहिलं होतं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या पोरांनी. दोघं तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. आयतं खायला दारात घुटमळणाऱ्या पुरुषाला कुत्रा म्हणून एक बाई हाकलून देते, असा त्याचा मामला. थॉर्नटनबाईंचा आवाज ऐकला की त्या पुरुषाची परत यायची छाती होणार नाही हे कळतं. पुढं लास वेगासच्या एका वाद्यवृंदानं त्याचे शब्द बदलून त्याला गमतीचं करून टाकलं, ते ऐकून एल्विस प्रिस्लीनं १९५६ मध्ये गायलं, आणि जगभर पोचलं ते हेच. त्यातून ती बाई गेली. उरला तो खराखुरा कुत्रा. थॉर्नटनबाई सांगत की त्या गाण्यापायी त्यांच्या हाती पाचशे डॉलरचा एक चेक तेवढा आला.

तिथंही पुरुषांनी बाईच्या तोंडी शब्द घातले आणि इथंही. पण तिथं बाईकडून गाणं पुरुषाकडं गेलं आणि तिचं गाऱ्हाणं वाटेत गळलं. आमच्याकडं पुरुषानं लिहिलेलं, पुरुषांनी लुगडी नेसून गायलेलं गाणं बायकांनी ओट्यावर नेलं आणि त्यात आपापल्या घरातलं भरलं. ‘हाउंड डॉग’ची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९५३ मध्येच मेम्फिसच्या रुफस थॉमस यानं ‘बेअर कॅट’ नावाचं उलट उत्तर गायलं. त्या बाईला पुरुषाकडून जबाब. चालीच्या हक्कावरून कोर्टकचेरी झाली ती निराळी. गाण्याला गाण्यानंच उत्तर द्यायची ही रीत आपल्या सवाल-जवाबाची, आणि आमच्या घरात रोडग्याला असंच एक उत्तर जन्मलं.

त्याच्या आधी १९४८ सांगायला हवं. त्या वर्षी उन्हाळ्यापासून सरहद्दीवरच्या गावांतली माणसं निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धास्तीनं सोलापूरच्या हद्दीत सरकली होती. आज्जी अंगावरच्या पोराला घेऊन माहेरी गेली. तिच्याबरोबर आमच्या घरच्या दोघीतिघी आणि आणखी कितीतरी गावच्या बायका. रात्री कंदील न लावता एका वाड्याच्या पडवीत निजायचं. अशा दाटीत आवाज न करता, जवळजवळ ओठांतल्या ओठांत, या बायका एकमेकींना आपापल्या गावचा रोडगा म्हणून दाखवायच्या. आज्जीला नऊ कडवी येत होती, त्यातली तीन त्या पडवीतली. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौज सोलापूरहून निघाली, नळदुर्ग पडला, तुळजापुरात दोन तास चकमक झाली आणि चार-पाच दिवसांत निजामी राज्य संपलं. दसऱ्याच्या आत बायका घरी आल्या. करोडगिरीचा नाका पुढं उठला, माहेर-सासर एका राज्यात आलं.

आज्जीला एक थोरली जाऊ होती. आम्ही तिला मोठीआई म्हणायचो. फौज येऊन गेल्यावर दोनेक वर्षांनी मोठीआईचे मालक तापानं गेले. पंचविशीही उलटली नव्हती तिची. त्या नवरात्रात ओट्यावर रोडगा निघाला आणि जावेच्या कडव्याशी येऊन आज्जी गप्प झाली. जावेचं कुंकू पूस, हे ती कुणाच्या तोंडावर म्हणणार? एक झांज वाजली, आणि सगळ्या जणी पुढच्या कडव्यावर गेल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात ते कडवं गळलं. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. माझी आई १९६८ मध्ये सून म्हणून आली तेव्हा तिला ते कडवं असतं हे माहेराहून ठाऊक होतं, पण इथं कुणीच म्हणत नाही म्हणून तिनंही विचारलं नाही.

१९७२ चा दुष्काळ आला. आमच्या जिल्ह्यात त्या साली आणि त्याच्या पुढच्या साली घराघरातली बाई दुष्काळी कामावर होती. तामलवाडीच्या बायका खडी फोडायला जायच्या. हजेरीला मुकादम, दुपारी सुकडी, घरी आणायला तांबडा मिलो. गहू औषधालाही नव्हता. त्या नवरात्रात आज्जीनं मिलोच्या पिठाचे रोडगे केले. ते आरात फुटले, आणि तसेच फुटके तिनं देवीपुढं मांडले. कामावर गाणी मात्र होती. दगडावर हातोडी पडते तिला आपसूक ताल असतो, आणि बायका तो सोडत नाहीत.

तिथं पलीकडच्या गावच्या बायकांच्या टोळीनं एका दुपारी रोडगा धरला. जावेच्या कडव्याशी आल्या तशी आमच्या गावच्या बायकांनी झील सोडली. आई सांगते, नुसत्या हातोड्या ऐकू येत होत्या. आणि मोठीआईनं, जी कधी धृपदाच्या पुढं आवाज काढायची नाही, तिनं एकटीनं सूर उचलला. तिनं ते कडवं म्हटलं नाही, त्याला उत्तर म्हटलं. आई आजही ते म्हणते, पण मला ते कागदावर उतरवून छापायचं नाही. ते आमच्या घरातच असू दे. त्याचा भाव एवढाच: आई भवानी, या जावेचं तर तू केव्हाच ऐकलंस, आता धाकटीचं तेवढं राख. एवढं म्हणून ती पुन्हा खडी फोडायला लागली. आज्जी तिच्या शेजारीच होती. दोघी त्यावर एकमेकींशी काही बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पण त्या आश्विनात ओट्यावर जावेचं कडवं परत आलं, मोठीआईच्या शब्दांत, आणि तेव्हापासून आमच्याकडं तेच आहे.

आज्जीची नणंद, म्हणजे भारुडातली नणंदच म्हणायची, सोलापुरात असायची. आम्ही तिला आत्याआज्जी म्हणायचो. ती जुन्या गिरणीत कामाला होती. १८७७ मध्ये उभी राहिलेली ही गिरणी. सोलापूरच्या कितीतरी घरांचा दिवस तिच्या भोंग्यावर उगवायचा. नवरात्रात आत्याआज्जी आली की घरात हवाच बदलायची. पायात चपला, तोंडात तंबाखूची मिसरी, आणि बोलणं खणखणीत, कारण यंत्रांच्या आवाजात तिला तसंच बोलायची सवय. खरजेचं कडवं आलं की ती आपल्याच पोराला पुढं ओढायची आणि सगळ्या जणी त्याच्याकडं हात करून म्हणायच्या. तो मोठा होऊन दोन पोरांचा बाप झाला तरी त्यातून सुटला नव्हता. तिच्याकडं एक गिरणीतलं कडवं होतं, गावाला ठाऊक नसलेलं. त्यात भवानीआईनं मुकादमाचं घड्याळ बंद पाडावं असं मागणं होतं. सून आता फक्त घरातल्यांना वैतागलेली नव्हती. तिला आणखी एक धनी भेटला होता, आणि तोही तिनं देवीपुढं उभा केला.

रेडिओवर तोवर शाहीर साबळ्यांचं ‘विंचू चावला’ घरोघर पोचलं होतं. भारूड म्हटलं की शहरातल्या लोकांना अजूनही तोच आवाज आठवतो, आणि तो आवाज होताच तसा. पुढं सिल्लोडकडच्या निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ गाजवला, पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी पदर खोचून फडात उभं राहून भारूड गायलं. चंदाताईंना पाहिलं तेव्हा मला लुगडं नेसलेला तो बाप्या आठवला आणि फार बरं वाटलं. हजार लोकांपुढं, दिव्यांच्या उजेडात, सून आता सुनेच्याच तोंडून बोलत होती.

नंतर कॅसेटी आल्या. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर कुंकवाच्या राशींशेजारी देवीच्या गाण्यांच्या, आराधी गीतांच्या कॅसेटींचे ढीग लागायचे, आणि दर दुकानातून वेगळं गाणं एकाच वेळी वाजायचं. आमच्याकडंही एक आली, वरचा कागद लवकरच निघून गेलेली. तिच्यात रोडग्याची चारच कडवी होती. बाजू पुरली नसेल. आवाज सुरेख, संबळ दणदणीत. पण पोरींनी ती चारच कडवी पाठ केली, त्याच क्रमानं, आणि दहा वर्षांत आजूबाजूच्या गावांचा रोडगा पहिल्यांदाच एकसारखा झाला. मला ते नुकसान वाटतं. जात्यावरच्या ओव्यांचं नशीब चांगलं, की गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्यासारखी माणसं खेड्यापाड्यांत हिंडली आणि लाखावर ओव्या बायकांच्या नावानिशी लिहून ठेवल्या. ओट्यावरच्या भारुडांना तसं कुणी भेटलं नाही. गाथेत नाथांचं आहे. त्यावर बायकांनी चारशे वर्षं जे केलं ते कुठल्या गाथेत आहे?

१९९३ मध्ये ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्याकडं भांडी पडली, भिंतींना तडे गेले, माणसं रस्त्यावर आली. उजाडल्यावर किल्लारी आणि सास्तूर जमीनदोस्त झाल्याचं कळलं. पंधरवड्यात नवरात्र बसलं. घट बसवले, माळा लावल्या, पण रोडगा त्या वर्षी गावात कुणी म्हटला नाही. पौर्णिमेच्या वाटेवर भूकंपातल्या गावांची माणसं चालत होती. त्यातली एक बाई आमच्या ओट्यावर पाण्याला टेकली. घरातले सगळे गेले, मी तेवढी राहिले, असं तिनं सांगितलं, एखाद्या परक्या घराबद्दल सांगावं तसं. आज्जीनं तिला जेवू घातलं, तिच्या पायांना तेल चोळलं. सगळ्यांना ने, मला एकटीला ठेव, हे मागणं कसं म्हणून तोंडातून काढायचं होतं त्या साली? दोन वर्षं ते गाणं बंदच राहिलं. मग हळूहळू परत आलं. पण शेवटचं कडवं आमच्या बायका तेव्हापासून झांजा थांबवून म्हणतात. नव्या सुनांना त्याचं कारण माहीत नसतं. त्यांना वाटतं, चालच तशी आहे.

आता रस्ता चौपदरी झालाय, गावाजवळ टोलनाका आलाय. पौर्णिमेला माणसं अजून चालत येतात, पूर्वीपेक्षा जास्तच. त्यांच्यामागं टेम्पोवर भिंतीएवढे कर्णे. त्यावरही रोडगा वाजतो, पण नुसतं धृपद, पुन्हा पुन्हा, खाली ठोका. कडवं एकही नाही. पोरं बेभान नाचतात आणि मला त्यांच्या नाचण्याबद्दल काही म्हणायचं नाही. पंधरा-वीस किलोमीटर अनवाणी चालल्यावर पायांना ठोका हवाच. वाईट वाटतं ते नवस उरला आणि मागणं गेलं याचं. रोडगा वाहीन म्हणतात, पण कशासाठी?

माझ्या भाचीनं गेल्या कोजागरीला फोनवरून छापील सगळी कडवी काढली आणि ओट्यावर वाचून दाखवली. जावेचं मूळ कडवंही त्यात आलं. माझी आई आणि चुलती, दोघी सत्तरीच्या, दोघी जावा. चुलती म्हणाली, ‘वाच गं पुन्यांदा. मला हिच्याकडं बघून म्हणायचंय.’ आणि दोघींनी एकमेकींकडं बोट करून ते मूळचं कडवं मोठ्यानं म्हटलं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या, आणि मग न सांगता मोठीआईच्या उत्तरावर आल्या.

मी एक वही केलीय. कडवं, कुणाकडून मिळालं, तिनं ते कुणाकडून घेतलं, एवढं लिहिते. गिरणीचं कडवं आत्याआज्जीला शेवटी शेवटी अर्धंच आठवायचं. मुकादमाचं घड्याळ बंद पडू दे, इथवर यायची आणि थांबायची. कोजागरीच्या त्या रात्री मी ते अर्धं वाचलं तेव्हा आईनं दुसरा अर्धा तिथल्या तिथं जोडला: घड्याळ बंद पडलं की भोंगा वाजणार नाही आणि गिरणीतल्या बायका दुपारभर निजतील. चुलतीला ते पटलं नाही. निजायला कशाला, ती म्हणाली, तेवढ्या वेळात रोडगे भाजून होतील की. तिनं तिचा वेगळा अर्धा रचला. वहीत मी दोन्ही लिहिलेत, दोघींच्या नावानं. पुढच्या आश्विनात कुठला म्हणायचा यावर अजून त्यांचं जमलेलं नाही, आणि भाचीच्या मनात तिसराच आहे.